कृपेचा प्रतिसाद : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जीवन आणि त्यांची उपासना

१

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात ज्या सुशिक्षितांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या धर्मांतराचा इतिहास बहुतांशी वादविवादाच्या भाषेत लिहिला गेला आहे. नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्यासारखा षड्दर्शनांचा जाणकार असो किंवा 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध करणारे बाबा पदमनजी असोत, त्यांच्या लेखनात खंडन, मंडन, प्रमाण आणि प्रतिपादन यांना मोठे स्थान आहे. कोणता धर्म सत्य आहे, हा त्या पिढीपुढचा प्रश्न होता. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यापाशी आल्यावर या प्रश्नाचे रूप पालटते. सत्य एकदा पटल्यानंतर माणसाने देवापुढे उभे कसे राहावे, कोणत्या भाषेत बोलावे, कोणत्या छंदात गावे आणि मुख्य म्हणजे कोणत्या भावनेने गावे, हा टिळकांच्या उत्तरायुष्याचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

मराठी काव्येतिहासात टिळक 'फुलामुलांचे कवी' म्हणून स्थिरावले आहेत. अभ्यासक्रमांतून त्यांची ओळख होते तीही निसर्गकवितेच्या आणि कौटुंबिक कवितेच्या द्वारे. त्यांच्या भजनांचा आणि अभंगांचा मोठा संभार मात्र ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेपुरता मर्यादित राहिला. ही विभागणी टिळकांच्या जीवनक्रमाशी सुसंगत नाही. त्यांच्या जीवनाचा धागा नीट उलगडला असता, उपासना हीच त्यांच्या कवित्वाची परिणती होती असे दिसून येते.

२

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करारी आणि कोपिष्ट स्वभावाचे, तर आई जानकीबाई सौम्य, भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. नारायणाचे मन घडले ते आईच्या सहवासात. घरातील संतवाणीचे संस्कार आणि आईची माया या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींत इतक्या मिसळून गेल्या, की पुढे देवाविषयी बोलताना त्यांना आईचे रूपक शोधावे लागले नाही. ते त्यांच्या जिभेवरच होते. आईच्या अकाली मृत्यूने हा आधार तुटला. कोवळ्या वयातच नारायणाने घर सोडले आणि तो नाशिकला आला.

नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृताध्ययन झाले. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र अपुरेच राहिले. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले कुटुंबातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका म्हणून कीर्ती पावलेल्या लक्ष्मीबाई टिळक. संसार सुरू झाला, तरी टिळकांना एका जागी राहणे ठाऊक नव्हते. शिक्षकाची नोकरी, कीर्तन, पुराणकथन, वक्तृत्व, शीघ्रकवित्व असे अनेक उद्योग करीत ते गावोगाव फिरले. हातात आलेला पैसा टिकत नसे. याचकाला विन्मुख पाठविणे त्यांना जमत नसे. या भटकंतीचा जाच अर्थातच घरच्यांना सोसावा लागला.

नागपूरच्या वास्तव्यात या अस्वस्थतेला विचारांची दिशा मिळाली. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने तेथे वैदिक वाङ्मयाच्या संकलनाचे आणि अनुवादाचे काम चालले होते. त्यात टिळकांचा सहभाग होता. 'ऋषी' या मासिकाचे संपादनही त्यांनी केले. प्राचीन वाङ्मयाच्या या परिशीलनातून त्यांच्या मनात राष्ट्राच्या उन्नतीचा प्रश्न उभा राहिला. जातिभेदाने शतखंड झालेला समाज धर्माच्या नव्या अधिष्ठानावाचून एकत्र येणार नाही, या निष्कर्षाप्रत ते आले. एक ईश्वर, माणसामाणसांतील बंधुत्व आणि जन्मजात उच्चनीचतेचा अभाव या तत्त्वांवर एखादा नवा धर्म उभारावा, असेही त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांचा धर्मशोध व्यक्तिगत मोक्षाच्या इच्छेतून सुरू झालेला नाही, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. त्याच्या मुळाशी देशभक्ती होती. पुढे त्यांच्या भक्तीला जे सामुदायिक स्वरूप आले, त्याचे बीज येथेच सापडते.

३

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांची एका युरोपीय ख्रिस्ती गृहस्थाशी गाठ पडली. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले संभाषण धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांत टिळक ख्रिस्ती होतील, असे भाकितही त्याने केले. टिळकांना ते त्या वेळी हास्यास्पद वाटले. दिलेल्या शब्दाखातर त्यांनी वाचन आरंभिले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले. आजवर ज्या प्रश्नांची उत्तरे ते शोधीत होते, त्यांची उत्तरे त्या तीन अध्यायांत त्यांना दिसली.

तथापि टिळकांच्या पुढील काव्याचा विचार करता, केवळ नीतितत्त्वांच्या आकर्षणाने त्यांचे परिवर्तन पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. नीतितत्त्वे माणसाला आदर्श दाखवितात आणि त्याचबरोबर त्याच्या उणिवेची जाणीव करून देतात. शत्रूवर प्रेम करावे हे पटले, तरी ते आचरण्याचे बळ कोठून आणावे, हा प्रश्न उरतोच. डोंगरावरील प्रवचनाकडून टिळक क्रुसाकडे गेले ते या मार्गाने. आपण देवाचा शोध घेत होतो या जाणिवेची जागा देवच आपला शोध घेत आला आहे या जाणिवेने घेतली. त्यांच्या साऱ्या उपासनागीतांची भूमिका या पालटात आहे. शोधणाऱ्याच्या वाणीत आर्तता असते, सापडलेल्याच्या वाणीत कृतज्ञता असते. टिळकांच्या अभंगांत हे दोन्ही स्वर असले, तरी आधारस्वर कृतज्ञतेचा आहे.

मुंबईतील मिशनरी जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा या काळात पत्रव्यवहार झाला. ॲबट यांनी पुढे मराठी संतांची चरित्रे व काव्य इंग्रजीत आणण्याचे मोठे काम केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, भेंडीबाजारातील अमेरिकन मराठी मिशनच्या उपासनामंदिरात, टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांनी आग्रह धरला. धर्म बदलला तरी देश बदललेला नाही, हे त्यांना पहिल्याच पावलावर स्पष्ट करावयाचे होते.

४

या पावलाची किंमत टिळकांपेक्षाही लक्ष्मीबाईंनी अधिक मोजली. पतीच्या धर्मांतराची वार्ता त्यांच्यावर वज्राघातासारखी कोसळली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या जवळजवळ पाच वर्षे माहेरच्या आणि नातलगांच्या आश्रयाने, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी राहिल्या. या काळातील टिळकांच्या विरहाला काव्यात वाट मिळाली. लक्ष्मीबाईंच्या दुःखाला शब्द मिळाले ते कित्येक वर्षांनी, 'स्मृतिचित्रे'त. दयेचा शोध लागलेल्या माणसाकडून आपल्या जवळच्या माणसाला दुःख व्हावे, हा टिळकांच्या जीवनातील सर्वांत अवघड पेच होता. त्यांच्या चरित्राचा विचार करणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही.

अखेरीस लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या. आरंभी त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचा जातिभेदावरील विश्वास त्यांच्या स्वतःच्या विचारानेच गळून पडला आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागून फरफटत गेलेल्या पत्नीचे हे धर्मांतर नव्हे. टिळकांच्या उपासनाविषयक दृष्टीशी याचा निकटचा संबंध आहे. देवाची दया ओळखल्याशिवाय केलेले नमन हे नमन नव्हे, आणि ही ओळख कोणी कोणाला सक्तीने करून देऊ शकत नाही, हे त्यांनी आपल्या घरातच अनुभवले होते.

५

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. टिळक तेथे आले ते ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात अध्यापक म्हणून. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचे त्यांना साहाय्य लाभले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीतील बहुसंख्य सभासद महार आणि मांग या समाजांतून आलेले होते. पिढ्यान्पिढ्या देवळाच्या पायरीबाहेर उभे राहिलेले हे लोक आता देवघरात बसून प्रार्थना करीत होते. पण त्या प्रार्थनेचे गायन पुष्कळदा परक्या चालींत होई.

इंग्रजी स्तोत्रांच्या भाषांतरांची अडचण केवळ आवडीनिवडीची नव्हती. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरसंख्येवर, मात्रांवर आणि तालावर चालते. परक्या चालीत मराठी शब्द बसविताना ऱ्हस्वाचे दीर्घ होते, समास मध्येच तुटतो आणि अर्थाचा विराम एकीकडे तर सुराचा विराम दुसरीकडे पडतो. गाणाऱ्याचे लक्ष चाल सांभाळण्यात गुंतते. अर्थ मनापर्यंत पोहोचत नाही. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या आधीच्या ख्रिस्ती पदकर्त्यांनी देशी चालींची आणि कीर्तनाची वाट काही अंशी मोकळी केली होती. टिळकांनी ती राजमार्ग बनविली.

त्यांनी निवडलेले मुख्य साधन म्हणजे अभंग. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक, आणि चौथ्या आखूड चरणात येणारी विश्रांती, ही मोठ्या अभंगाची रचना निरक्षर माणसालाही एकदा ऐकून धरता येते. शेवटचा आखूड चरण विधानाला निश्चय देतो, म्हणून शरणागतीच्या आणि कृतज्ञतेच्या भावनेला हा छंद विशेष मानवतो. त्याच्या जोडीला धृपद घोळवून म्हणण्याची भजनाची पद्धत आली. टाळांच्या ठेक्यावर एकाने चरण म्हणावा आणि सर्वांनी धृपद उचलावे, या पद्धतीत श्रोता आणि गायक हा भेद उरत नाही. टिळकांनी पूर्वरंग-उत्तररंगाच्या घाटणीची ख्रिस्ती कीर्तनेही रचली आणि स्वतः केली. अभंगांचा त्यांचा संग्रह 'अभंगांजली' या नावाने ओळखला जातो. १९२० च्या दशकात मराठी मंडळ्यांच्या वापरात असलेल्या सुमारे सातशे गीतांच्या संग्रहात अडीचशेच्या आसपास गीते एकट्या टिळकांची होती. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून त्यांची पदे पिढ्यान्पिढ्या गाइली गेली.

तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची स्वतःविषयीची धारणा होती. या धारणेचा अर्थ छंदापुरता घेणे अपुरे ठरेल. दीनता, अनन्यता, आपल्या दोषांची निःसंकोच कबुली आणि देवाशी लडिवाळपणे बोलण्याचा अधिकार, ही सारी भाववृत्ती त्यांनी वारकरी परंपरेकडून घेतली. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या या परंपरेतूनच ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणण्याचे धैर्य त्यांना आले. पाश्चात्त्य ईश्वरविज्ञानाच्या परिभाषेत ख्रिस्त हा राजा, न्यायाधीश आणि उद्धारक आहे; टिळकांच्या अभंगांत तो याशिवाय लेकराला कडेवर घेणारी आई आहे.

असे असले तरी टिळकांची भक्ती म्हणजे देवतेचे नाव बदललेली वारकरी भक्ती, हे समीकरण टिकणारे नाही. वारकरी अभंगात कृपेची याचना दीर्घकाळ चालते. भक्त वाट पाहतो, रुसतो, भांडतो. दर्शन झाले की आनंदाला उधाण येते आणि पुन्हा विरहाचा काळ सुरू होतो. टिळकांच्या दृष्टीने कृपा ही इतिहासात, क्रुसावर, आधीच घडून गेलेली घटना आहे. तिची याचना करण्यापूर्वीच ती झालेली आहे. म्हणून उपासकाचे पहिले कर्तव्य मागणे हे नसून ओळखणे आणि आभार मानणे हे ठरते. उपासना हे पुण्य मिळविण्याचे साधन उरत नाही. दिलेल्या दानाला मनाने दिलेला तो प्रतिसाद होतो. टिळकांच्या पदांतील दैन्यही यामुळे वेगळ्या जातीचे आहे. ते शिक्षेच्या भीतीने आलेले दैन्य नसून आपली योग्यता नसताना मिळालेल्या प्रेमापुढे आलेला संकोच आहे.

या प्रतिसादाला दुसरे अंग होते ते सेवेचे. ज्याच्यावर दया झाली त्याने दया करावी, हा टिळकांच्या लेखी उपासनेचाच उत्तरार्ध होता. १८९९–१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला, तेव्हा आणि पुढेही टिळकांचे घर अनाथांना व निराश्रितांना नेहमी मोकळे राहिले. या औदार्याचा हिशेब लक्ष्मीबाईंना जुळवावा लागे, हेही तितकेच खरे.

६

टिळकांची लौकिक कविता या भूमिकेपासून तोडून पाहता येत नाही. फूल, पाखरू, मूल आणि पत्नी हे त्यांचे विषय केशवसुतांच्या काळातील आधुनिक कवितेशी नाते सांगतात. पण त्यांकडे पाहण्याची टिळकांची नजर ही उपकृताची नजर आहे. लहान वस्तू त्यांना मोलाची वाटते, कारण ती कोणीतरी प्रेमाने दिलेली आहे. 'वनवासी फूल'सारख्या दीर्घ काव्यात एकांतातील चिंतन आणि जगाची सेवा यांतील ओढाताण त्यांनी मांडली. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनानंतर बालकवी ठोमरे यांना टिळक दांपत्याने नगरला आपल्या घरी आश्रय दिला. मराठी निसर्गकवितेवर त्या घराचे ऋण आहे.

१९०९ मध्ये टिळकांनी 'ख्रिस्तायन' या ओवीबद्ध महाकाव्याला हात घातला. मराठीत ख्रिस्तचरित्र ओवीत सांगण्याची परंपरा गोव्यातील फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मधील 'ख्रिस्तपुराणा'पर्यंत मागे जाते, आणि या ग्रंथाची नवी आवृत्ती १९०७ मध्ये मंगळूर येथे छापली गेली होती. टिळकांच्या हातून 'ख्रिस्तायना'चे सुमारे दहाच अध्याय झाले. उरलेले चौसष्ट अध्याय त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी रचले आणि ग्रंथ १९३८ मध्ये, लक्ष्मीबाईंच्याही मृत्यूनंतर, प्रकाशित झाला. ज्या स्त्रीला शाळेचे शिक्षण लाभले नव्हते आणि जिने एके काळी या धर्मापायी पतिवियोग सोसला, तिने हे काव्य पूर्णत्वास न्यावे, यात टिळकांच्या उपासनादृष्टीची सर्वांत मोठी साक्ष आहे. १९१२ पासून मृत्यूपर्यंत टिळकांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले आणि देशी मंडळीने परक्या आधारावर विसंबून राहू नये, हा विचार तेथून सातत्याने मांडला.

७

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाची नोकरी सोडली. वयाच्या छपन्नाव्या वर्षी त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा ख्रिस्ताच्या सर्व शिष्यांचे एक बंधुमंडळ त्यांना उभे करावयाचे होते. ख्रिस्ताची दया मंडळीच्या सभासदनोंदीपुरती नाही, म्हणून तिला दिला जाणारा प्रतिसादही त्या नोंदीपुरता राहू नये, असा यामागचा विचार होता. मंडळीतील अनेकांना हे पाऊल धोक्याचे वाटले. बाप्तिस्म्याचे महत्त्व यात उणावते, हा आक्षेप ईश्वरविज्ञानाच्या दृष्टीने निराधार नव्हता. टिळकांनी तो मनावर घेऊन दरबार मोडला नाही. मात्र त्याला घडविण्यास त्यांना पुरेसा अवधीही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्निसंस्कार देण्यात आला. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

८

टिळकांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. ज्या मंडळीसाठी त्यांनी गीते रचली, ती बहुतांशी दलित समाजाची होती, आणि तिच्या तोंडी गेलेली भाषा एका संस्कृतज्ञ ब्राह्मण कवीची होती. देशी संस्कृतीचा वारसा म्हणून टिळक ज्याचा गौरव करीत, त्याच संस्कृतीतील अवहेलनेपासून सुटण्यासाठी या समाजाने नवा धर्म स्वीकारला होता. दलित साहित्याच्या उदयानंतर हा अंतर्विरोध अधिक तीव्रतेने जाणवतो. त्याचे पूर्ण निरसन टिळकांच्या काव्यात होत नाही. तरीही त्यांनी यासाठी निवडलेले माध्यम दरबारी पंडिती काव्याचे नसून अभंगाचे होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. चोखामेळ्याने देवळाबाहेर उभे राहून ज्या छंदात देवाला हाक मारली, तो छंद टिळकांनी त्याच समाजाच्या वंशजांना देवघराच्या आत गाण्यासाठी दिला. विद्वत्ता आणि जात या दोन्ही गोष्टी दयेपुढे सारख्याच निरुपयोगी ठरतात, ही त्यांची भूमिका होती आणि आपल्या पदांत त्यांनी स्वतःला कोठेही त्यातून वगळलेले नाही.

टिळकांचा राष्ट्रधर्म प्रत्यक्षात आला नाही आणि त्यांचे महाकाव्य त्यांच्या हातून पुरे झाले नाही. टिकले ते रविवारच्या उपासनेत, घरगुती प्रार्थनेत, लग्नात आणि अंत्ययात्रेत गाइले गेलेले त्यांचे गीत. कवीचे नाव ठाऊक नसतानाही ते गाणाऱ्याला आपलेच वाटते, आणि या अनामिकतेत टिळकांच्या उपासनेचे साफल्य पाहावयास हवे. दयेला प्रतिसाद देणाऱ्याने स्वतःला मागे ठेवावे, हा त्यांच्या साधनेचा भाग होता. मराठी भक्तिकाव्याचा इतिहास लिहिताना 'फुलामुलांचे कवी' या शिक्क्याखाली झाकलेला हा उपासक कवी पुन्हा अभ्यासाच्या कक्षेत येणे आवश्यक आहे. त्याच्यावाचून तुकारामांपासून निघालेल्या एका प्रवाहाची विसाव्या शतकातील वाट अपुरी दिसत राहील.